पायप्सा: फुकट आहे, चोख आहे, पण मुकं आहे

पायप्सा हे वीजजाळ्याचं गणित मांडणारं, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणारं, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. परवाना एमआयटीचा, त्यामुळे पैसे मोजावे लागत नाहीत आणि आतलं एखादं समीकरण खटकलं तर उघडून बघता येतं. माझं काम वीजनिर्मिती संचांचं उद्याचं तासवार वेळापत्रक लावायचं. म्हणून नकाशे, आलेख वगैरे बाजूला ठेवून मी एवढंच बघते: कुठला संच कधी चालू, कधी बंद, हे त्याला नीट ठरवता येतं का?

येतं, पण आपण सांगितलं तरच. प्रत्येक जनरेटरला ‘कमिटेबल’ (चालू-बंद करता येणारा) नावाची खूण असते आणि ती मुळात बंद असते. ५०० मेगावॅटच्या कोळसा संचाला किमान भार ०.४ (म्हणजे क्षमतेच्या ४० टक्के) दिला आणि ही खूण लावली नाही, तर तो संच बंदच होऊ शकत नाही. मागणी कितीही पडो, २०० मेगावॅट ओततच राहणार.

खूण लावली की खरी गंमत. जोडीला २०० मेगावॅटचा, किमान भार नसलेला गॅस संच घ्या. मागणी एरवी ३००, रात्री चार तास १८०. कोळसा २००च्या खाली उतरत नाही, म्हणून ते चार तास तो बंद आणि गॅस चालू. छान. आता कोळशाचा किमान बंद कालावधी, म्हणजे एकदा बंद केल्यावर निदान किती वेळ बंद ठेवायचा तो, सहा तास करा. सॉल्व्हरचं, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमचं, उत्तर: ‘इन्फीझिबल’ (सगळ्या अटी पाळून उत्तर निघत नाही). बस्स! कुठला तास, कुठली अट, काही नाही. अशा वेळी अफाट महाग काल्पनिक जनरेटर जोडायचा; त्यासाठी ‘लोड शेडिंग’ची तयार आज्ञा आहे. मग गणित सुटतं आणि दोन तास १०० मेगावॅट कमी पडताहेत हे लख्ख दिसतं. मी तर ही आज्ञा पहिल्यापासूनच लावून ठेवते.

दराच्या बाबतीत जपून. चालू-बंदचे निर्णय पूर्णांकात असतात, त्यामुळे त्या गणितातून बसवरचा (जाळ्यातल्या जोडबिंदूवरचा) सीमांत दर, म्हणजे आणखी एक युनिट वीज पुरवायचा खर्च, थेट मिळत नाही. रेषीय शिथिलीकरणाचा, म्हणजे पूर्णांकाची अट सैल करण्याचा, पर्याय आहे, पण त्यात संच ‘अर्धा चालू’ही असू शकतो. दराचा अंदाज घ्यायला ठीक, वेळापत्रकाला नाही.

वाहिन्यांचं गणितही रेषीय. व्होल्टेज आणि रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता जाळ्यात मागे-पुढे होणारी वीज) त्यात धरलेली नसते. वेळापत्रक हातात आल्यावर न्यूटन-रॅफसन पद्धतीचा पॉवर फ्लो (वाहिन्यांतल्या वीजप्रवाहाचं पूर्ण गणित) चालवायलाच हवा, आणि तोही इथेच होतो.

संच आणि तास वाढले की वेग मंदावतो. रोलिंग होरायझनने कालावधीचे तुकडे करता येतात, मात्र तुकड्याच्या शेवटी त्याला पुढची सकाळ दिसत नाही आणि ते बिनधास्त संच बंद करतं. दोन तुकडे एकमेकांवर निदान सर्वांत लांब किमान बंद कालावधीएवढे तरी चढवा.