बांबूची कागोमे जाळी, महाल (नागपूर): पाचपैकी चार

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पोरांसाठी कागोमे जाळी (षट्कोन आणि त्यांच्या कडांवर त्रिकोण, अशी अणूंची मांडणी) फळ्यावर काढायची म्हणजे अर्धा तास त्रिकोण जुळवण्यातच जातो. ऑनलाइन मागवलेलं प्लास्टिकचं मॉडेल पहिल्याच तासाला मोडलं. शेवटी बुधवार बाजाराजवळ टोपल्या विणणाऱ्या एका मावशींकडे गेलो. कागोमे म्हणजे जपानीत टोपलीचा डोळा. 1951 साली जपानी भौतिकशास्त्रज्ञ इतिरो स्योझींनी ही वीण चुंबकत्वाच्या गणितात आणली, तेव्हा माल मूळ दुकानातूनच घेतला म्हणायचा.

कोंबड्या झाकायच्या डालग्याकडे बोट दाखवून "अशीच द्या" म्हटलं. चार दिवसांनी आली ती कढईसारखी वळलेली! मावशी हसल्या, "सपाट पायजे होती तं सांगाचं ना सर. मधात पाचकोनी डोया टाकला का वयते ते." वक्रतेचा धडा फुकटात झाला. मग दोन फुटांची सपाट जाळी अडीचशे रुपयांत करून दिली.

वर्गात ती भलतीच कामाला आली. कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे अणू समजायचा, प्रत्येकाला चार शेजारी. एका षट्कोनाच्या सहा छेदांवर एकाआड एक संत्रागोळी आणि पेपरमिंट ठेवलं. ही इलेक्ट्रॉनच्या लाटेची चिन्हं: अधिक, उणे, अधिक, उणे. आता बाहेरच्या कुठल्याही त्रिकोणाचं टोक बघा. त्याच्या एका बाजूला संत्रागोळी, दुसऱ्या बाजूला पेपरमिंट. इलेक्ट्रॉन फक्त शेजारच्या अणूवर उडी मारतो असं धरलं, तर दोन्हीकडून आलेल्या लाटा टोकावर एकमेकींना मारतात आणि तो त्या डोळ्यातच अडकून राहतो. संवेग काहीही असो, ऊर्जा तीच. म्हणजे संवेगाच्या आलेखावर ऊर्जेची रेघ आडवी, हाच सपाट पट्टा (फ्लॅट बँड). कोबाल्टचे अणू याच जाळीत बसलेल्या कोबाल्ट-टिनच्या स्फटिकात 2020 साली तो मोजलाही गेला. खऱ्या मालात थोडा वाकडा असतोच.

कंपनं शिकवायला मात्र ही जाळी कुचकामी. कामटी सलग असते, छेदाशी मोडत नाही, त्यामुळे त्रिकोण फिरत नाहीत. सांध्यांशी फिरू शकणाऱ्या खऱ्या कागोमे जाळीची गंमत तर तिथेच आहे. सपाट जाळीत प्रत्येक सांध्याला चार शेजारी म्हणजे ताठरपणाच्या अगदी काठावर, जोड याहून कमी झाले की जाळी ढिली. हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा, 1864 चा. ते दाखवायला मी आइस्क्रीमच्या काड्यांचे त्रिकोण करून कोपऱ्यांत टाचण्या घातल्या. एक त्रिकोण फिरवला की शेजारचा उलटा फिरतो, षट्कोन आक्रसतात आणि अख्खी जाळी मिटते. सीझियम-व्हॅनेडियम-अँटिमनीच्या स्फटिकात 94 केल्विनखाली कागोमे जाळीतले व्हॅनेडियमचे अणू जागचे हलतात, ते सांगायला ही काड्यांची जाळी हाताशी ठेवली.

एक गुण कापला तो ओल्या बांबूसाठी. मे महिन्यात घरात कूलरसमोर ठेवली होती. पंधरा दिवसांत कामट्या सुकून सैल झाल्या आणि डोळे लहानमोठे. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "वायलेल्या मागाच्या होत्या." घेणार असाल तर वाळलेल्या कामट्यांची आणि सपाट, असं दोनदा बजावून सांगा. गोळ्यांचा खर्च वेगळा, कारण एका तासात एक षट्कोन पोरं खातातच.