गेम एकाने घ्यायचा, खेळायचं सगळ्यांनी: स्टीम, पीएस५, एक्सबॉक्स की साधी डिस्क?

दिवाळीचा बोनस जवळ आला की आमच्या इंदुरात फराळासोबत हा पण विषय निघतोच, पोराला पीसी घ्यायचा का कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, पीएस५ किंवा एक्सबॉक्स), आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न, की नवा मोठा गेम पाच हजाराच्या आसपास जातो तर तो एकदाच घेऊन मोठा, धाकटी, आत्याचा मुलगा, कॉलनीतला मित्र सगळे खेळतील का. खेळतील, पण कसे ते तुम्ही गेम कुठे घेता त्यावर आहे. ग्राफिक्स कुणाचे भारी ते सोडा भिया, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. आधी बघा की खेळणारे एकाच घरात आहेत का दोन घरांत, आणि एकाच वेळी बसणार का पाळीपाळीने.

घरात दोन-तीन पीसी-लॅपटॉप असतील तर माझं मत सरळ स्टीम, म्हणजे पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. पूर्वी तिथे शेअरिंग म्हणजे डोकेदुखी होती, मालकाने स्वतःचा कुठलाही गेम सुरू केला की त्याची अख्खी लायब्ररी, म्हणजे घेतलेले सगळे गेम, बाकीच्यांना बंद. २०२४ च्या सप्टेंबरात स्टीम फॅमिलीज सगळ्यांसाठी सुरू झालं आणि ती कटकट गेली. आता एका फॅमिलीत ६ जण, सगळ्यांचे गेम एकत्र दिसतात, दादा त्याच्या खोलीत एल्डन रिंग घेऊन बसलाय आणि धाकटी हॉलमध्ये लॅपटॉपवर त्याच्याच लायब्ररीतला स्टारड्यू व्हॅली खेळतेय, कुणी कुणाला उठवत नाही. तोच गेम दोघांना एकदम हवा असेल तर मात्र दोन कॉपी लागणार. सेव्ह आणि अचिव्हमेंट ज्याचे त्याचे वेगळे, त्यामुळे "माझा सेव्ह कुणी उडवला" ही रोजची महाभारतं बंद. मुलांचं अकाउंट चाइल्ड म्हणून जोडलं की किती वेळ खेळायचं, कुठले गेम दिसायचे हे आई-बाबा ठरवतात, आणि पोराने काही घ्यायला मागितलं तर रिक्वेस्ट तुमच्याकडे येते, पैसे तुम्ही भरायचे का नाही ते तुम्ही बघा.

आता अटी ऐका, कारण खरी गोम तिथेच आहे. फॅमिली म्हणजे एका घरातले लोक असं स्टीम धरून चालतं आणि देश पण एकच लागतो, म्हणजे न्यू जर्सीतल्या दादाची तगडी लायब्ररी इंदुरात बसून खेळू हा बेत विसरा. दुसरं, मोठं माणूस फॅमिली सोडून कधीही जाऊ शकतं पण दुसऱ्या फॅमिलीत शिरायला, जोडल्या दिवसापासून एक वर्ष भरावं लागतं, आणि रिकामी झालेली जागा पण तशीच वर्षभर अडकते. म्हणून कॉलेजच्या चार दोस्तांना उत्साहात जोडू नका, पुढच्या सेमिस्टरला भांडण झालं की जागा गेली आणि सख्खा भाऊ बाहेर. तिसरी अट सगळ्यात बेकार: तुमची कॉपी खेळताना समोरच्याने चीट वापरलं आणि तो बॅन झाला तर त्या गेममध्ये तुम्ही पण बॅन. आत्याचा मुलगा ऑनलाइन नेमबाजीत अचानक फारच हुशार झाला असेल तर आधी चौकशी करा. आणि सगळेच गेम शेअर होत नाहीत, ज्यांना दुसऱ्या कंपनीचं अकाउंट, कोड (की) किंवा सबस्क्रिप्शन लागतं ते बरेचदा बाहेर राहतात, त्यामुळे विकत घेण्याआधी स्टोअरच्या पानावर उजव्या बाजूला फॅमिली शेअरिंग लिहिलंय का ते बघायचं.

पीएस५ चा हिशोब वेगळा, तिथे फॅमिली नाही, मशीन मोजतात. सेटिंग्जमध्ये युजर्स अँड अकाउंट्स, त्यात अदर, त्यात कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले. हे ज्या पीएस५ वर चालू केलं त्या मशीनवर कुणीही आपापल्या युजरने तुमचे डिजिटल गेम खेळू शकतं, पीएस प्लसचे (सोनीची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) फायदे सुद्धा. एका अकाउंटला हे एकाच पीएस५ वर चालू ठेवता येतं. म्हणजे एक टीव्ही, एक कन्सोल, चार भावंडं असं घर असेल तर काही जास्तीचं करायचंच नाही. दोन घरं असली की लोक जुगाड करतात, माझं शेअरिंग तुझ्या कन्सोलवर चालू, तुझं माझ्यावर, मग एका कॉपीत दोघं एकाच वेळी तोच गेम खेळतात, जे स्टीमवर होत नाही. पण मग स्वतःचेच गेम आपल्या कन्सोलवर चालवायला नेट लागतं, आणि पावसाळ्यात कुठे खोदकामात केबल तुटली की आपण पैसे भरलेला गेम आपल्यालाच कुलूप दाखवतो आणि तिकडे मित्र मजेत खेळतोय, हे सहन होत असेल तर करा. शिवाय यात एकमेकांच्या मशीनवर लॉगिन करावं लागतं, सख्ख्या भावापलीकडे मी तरी जाणार नाही.

एक्सबॉक्स जवळपास तसंच, होम एक्सबॉक्स म्हणतात त्याला, वर्षातून पाचदाच बदलता येतं. फायदा एवढा की होम कन्सोलवर गेम पास (ठरलेली फी भरून बरेच गेम खेळायची मेंबरशिप) पण सगळ्यांना चालतो, त्यामुळे जो गेम विकत घेत नाही, नुसता चाखतो, अशा घराला ते स्वस्त पडतं.

आणि ते जे इन्स्टावर पाच हजाराचा गेम हजारात "प्रायमरी आयडी" म्हणून विकतात ना, त्याच्या नादी लागू नका. ते अनोळखी माणसाचं अकाउंट असतं, नियमात बसत नाही, त्याने पासवर्ड बदलला किंवा शेअरिंग दुसरीकडे फिरवलं की तुमच्याकडे फक्त पेमेंटचा स्क्रीनशॉट उरतो. स्वतःचा पासवर्ड मित्राला देणं हे पण त्याच माळेतलं, तुमचं कार्ड त्याच अकाउंटला जोडलेलं असतं.

एपिकवर (पीसी गेमचं अजून एक ऑनलाइन दुकान) दर गुरुवारी फुकट गेम मिळतो पण स्टीमसारखी फॅमिली लायब्ररी नाही, सो प्रत्येकाने आपापलं अकाउंट काढून गुरुवारी क्लेम करायचं, बस. मोबाइलवर गूगल प्लेच्या फॅमिली लायब्ररीत ६ जण, विकत घेतलेले गेम चालतात, पण गेमच्या आतली खरेदी शेअर होत नाही, म्हणून बीजीएमआयची यूसी (गेममधलं चलन) ज्याची त्यालाच.

दोस्तांसाठी म्हणाल तर अजून डिस्कच. गेम संपला, डिस्क मित्राच्या हातात दिली, त्याने त्याची दिली, शेवटी सेकंडहँड विकून टाकली, ना पासवर्ड ना वर्षभराचं कुलूप. डिजिटल गेम कधीच विकता येत नाही हे विसरू नका. फक्त जेल रोडच्या दुकानात बिल फाडायच्या आधी मॉडेल नीट बघा, एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क घालायची जागाच नाही, आणि पीएस५ ची डिजिटल एडिशन घेत असाल तर स्लिमच घ्या, तिला ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन लावता येतो, जुन्या जाड्या डिजिटलला येत नाही.