परदेशातली दिवाळी: पंगत, हॉल की भरीत?

चोपड्याची माझी भाची दीड वर्षापासून जर्मनीत आहे. परवा तिचा फोन आला. "मामी, यंदा दिवाळीला शेजाऱ्यांना बोलवायचंय. त्यांना इंग्रजी धड येत नाही आणि माझं जर्मन दुकानापुरतं. ताटं मांडून जेवण करू, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन जाऊ, की दुसरं काही?" मी स्टुटगार्टजवळ आठ वर्षं काढली, आता जळगावला असते. तिकडे असताना तिन्ही तऱ्हांनी माणसं बोलावून झाली. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण तिच्यासारखी पोरंपोरी आता खानदेशातल्या गावागावांतून बाहेर पडताहेत.

आधी दिवस ठरवा. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, शेजारी शांतता धरून असतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामावर जायचं असतं. म्हणून बोलावणं शनिवारी ठेवा, रविवार घरच्या पूजेला मोकळा ठेवा. नोव्हेंबरात भारताशी साडेचार तासांचं अंतर असतं. जळगावात दिवे लागतात तेव्हा तिथे दुपारचा दीड वाजत आलेला असतो. फोनवर आईबाबांसोबत आरती करायची तर घरात पाहुणे नसलेलेच बरे. फटाक्यांचा विचार सोडा, तिथे ते फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला उडवता येतात. दिव्यांचं मात्र कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवसानिमित्त तिथली मुलं संध्याकाळी हातात कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. आमच्या बाल्कनीतला आकाशकंदील बघून शेजारची दोन मुलं आपणहून दारात आली होती.

आता मंडळाचा हॉल. ज्याला त्या गावात अजून कोणी ओळखीचं नाही, त्याने जरूर जावं. आपली भाषा कानावर पडते, फराळ मिळतो, कष्ट वाटून घेतले जातात. पंचवीस-तीस माणसं गोळा करायची असतील तर घरात ते जमणारही नाही. पण भाषा न कळणाऱ्या शेजाऱ्याला तिथे नेऊ नका. आम्ही एका जर्मन जोडप्याला नेलं होतं. आधी मनोगतं, मग सत्कार, मग नाटुकलं, सगळं मराठीत. तीन तास ती दोघं मांडीवर हात ठेवून बसून होती. जेवणाच्या रांगेत मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

घरची पंगत हा आपल्या मनातला पहिला पर्याय असतो आणि त्यात माया खूप असते. आमची तिथली पहिली दिवाळी मी तशीच केली. दोन दिवस राबून पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भजी, शेवभाजी. खापरावरचे मांडे करायचं मनात होतं, पण खापराचं बूड गोल आणि तिथली शेगडी सपाट काचेची, तेव्हा तव्यावरच्या पोळीवर भागवलं. पाहुणे सहा. सातला बोलावलं होतं, सातच्या ठोक्याला बेल वाजली. आपल्या मित्रमंडळींनाही तीच वेळ पाळायला बजावून ठेवा, नाहीतर अर्धे जेवून उठतात तेव्हा अर्धे येतात.

जेवण उत्तम झालं, बोलणं मात्र झालंच नाही. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते आणि टेबलाशी सहा माणसं शांतपणे जेवत होती. "लेकर", म्हणजे चविष्ट, एवढा एकच शब्द दीड तास इकडून तिकडे फिरत होता. पंगतीत पाहुण्याला खाण्याशिवाय काम नसतं आणि खाताना माणसं एकमेकांकडे बघून हसण्यापलीकडे जाऊ शकत नाहीत. भाषा नसेल तर ताट जितकं भरलेलं, तितकं ते मधल्या शांततेवर उठून दिसतं.

त्यात आपला आग्रह. आपल्याकडे पहिलं "नको" खरं मानायचं नसतं. तिकडे नको म्हणजे नको, आणि पानात वाढलेलं टाकायचं नाही हीही त्यांची शिस्त. एका काकांच्या पानात मी तिसरी पोळी वाढली, ती त्यांनी पाण्याच्या घोटासोबत संपवली. मला वाटलं आवडली. ते आजारी पडता पडता राहिले, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. उलटंही होतं. माझी आई पारोळ्याहून आली होती. शेजारणीने केक पुढे केला, आईने रीत म्हणून "नको" म्हटलं, शेजारणीने बशी उचलून ठेवली. आई घरी येऊन म्हणाली, "दुसऱ्यांदा विचारलंच नाही गं." म्हणून वाढायचं काम पाहुण्यांच्याच हातात द्या. सगळं टेबलावर मांडा, ज्याने त्याने घ्यावं.

पंगत एका प्रसंगाला मात्र योग्य आहे: साहेब-मॅडम किंवा एखादं वयस्कर जोडपं, म्हणजे दोन-तीनच माणसं. तेव्हा तुम्हीही बसून जेवू शकता आणि कोणी एक जण दोन्ही भाषा सांभाळू शकतो.

माझं मत तिसऱ्या पर्यायाला आहे. दहा-बारा माणसांना भरीत करायला बोलवा. खायला म्हणून नव्हे, करायला. दिवाळीला भरीत कसं, असं सासूबाईंनीही विचारलं होतं. दिवे लावा, चकली-शेवेचं ताट ठेवा, लक्ष्मीची पूजा दाखवा, आणि जेवायला भरीत-भाकरी ठेवा. थंडीची चाहूल लागली की आपल्याकडे शेतात भरीत पार्ट्या सुरू होतातच. दिवाळीत जमलं नाही तर डिसेंबरअखेर ठेवा. तिथे २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी असते, घरापासून लांब राहणारी शिकाऊ मुलं एकटी असतात, त्यांना कोणी बोलावत नाही.

आसोद्याची, बामणोदची मोठी हिरवट वांगी तिथे मिळत नाहीत. आसोदं म्हणजे बहिणाबाईंचं माहेर; तिथल्या वांग्याची चव काळ्या-जांभळ्या सडपातळ वांग्यांना येणार नाही, हे मान्य करून पुढे जायचं. बारा जणांना चार किलो वांगी लागतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची सोय नाही, म्हणून सुरीने टोचे मारून ओव्हनमध्ये २३० डिग्रीवर पाऊण तास. टोचे मारले नाहीत तर वांगं फुटतं. धुराचा वास हवा असेल तर अंगणात शेगडी पेटवा, घरमालकाला विचारून. घरात निखारे आणू नका: त्यांचा वायू जिवावर बेततो, आणि तिथे घराघरांत धुराची घंटा सक्तीची आहे.

मग कामं वाटा. एकाने सालं काढायची, दोघांनी लसूण सोलायचा, एकाने कांद्याची पात चिरायची, एकाने मिरच्या भाजायच्या. माझ्याकडे भरीत ठेचायची लाकडी बडगी नव्हती, जाड लाकडी वाडग्यात लाटण्याच्या टोकाने ठेचलं. त्यासाठी बाप्यांची रांग लागली. इथे भाषा एकेक शब्दाने येते. सुरी, गरम, अजून थोडं, बस. लसणाला "क्नोब्लाउख" म्हणतात हा शब्द वर्गात टिकला नव्हता, त्या संध्याकाळी कायमचा बसला. समोरच्यालाही "लसूण" म्हणता यायला लागलं. बोलणं अडलं तर हात चालू राहतात, कोणी अवघडून बसत नाही.

तोटेही सांगते. स्वयंपाकघर छोटं असेल तर बाराच्या वर माणसं मावत नाहीत. कपड्यांना वास लागतो, तेव्हा बोलावतानाच साधे कपडे घालून या म्हणावं. जेवायला साडेआठ वाजतात. रात्री दहानंतर आवाज चालत नाही, म्हणून सुरुवात पाचलाच करा.

पथ्याचं मात्र आधी विचारायलाच हवं, कारण ऐन वेळी ते खुणांनी सांगता येत नाही. युरोपात अन्नावर जे १४ त्रासदायक घटक जाहीर करावे लागतात, त्यांत शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध आणि गहू आहेत, म्हणजे आपली निम्मी फोडणी. भरितातले शेंगदाणे वेगळ्या वाटीत ठेवा. कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडदाची, गहू न चालणाऱ्यालाही ती खाता येते. पण गिरणीत आधी गहू दळलेला नसावा, आणि बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी लावण्यापेक्षा कच्चं सामान मांडा: एक वांगं, वाटीत उडीद, वाटीत ज्वारी. बोट दाखवलं की काम होतं. भारतातून पेढे, खवा, तूप मागवू नका. दुधाचे पदार्थ प्रवासी सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत.

दुभाषा कोण, हाही प्रश्न येतो. फोनवरचं भाषांतर निमंत्रण लिहायला आणि दोघांच्या गप्पांना चांगलं. दहा जणांच्या गलक्यात ते गोंधळतं, आणि आईची अहिराणी तर त्याला अजिबात पेलली नाही. शाळेत जर्मन शिकलेल्या आपल्या मुलाला दुभाषा करू नका. माझ्या मुलाला एकदा केलं, तो रात्रभर खेळायला गेला नाही. दोन्ही भाषा येणारी दोन मोठी माणसं टेबलाच्या दोन टोकांना बसवा.

सगळेच सण परक्यांसाठी नसतात, हेही ध्यानात असू द्या. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. परक्याला बोलावून ताटाशी अडवण्यापेक्षा न बोलावलेलं बरं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र झोका बांधता आला तर बोलवा. झोक्याला शब्द लागत नाहीत.

त्याच भरिताच्या संध्याकाळी आई पारोळ्याची अहिराणी बोलत होती आणि वरच्या मजल्यावरच्या आजी जर्मन. दोघींना एकमेकींचा एकही शब्द येत नव्हता. आईने परातीत पिठाचा गोळा ठेवला, आजींचा हात धरून त्यावर टेकवला. "आशी," म्हणाली, आणि स्वतःच्या गोळ्यावर थाप मारली. आजींची पहिली भाकरी फाटली. दुसरी कडेला जाड राहिली. तिसरी आईने दोन्ही तळव्यांवर अलगद उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि ती टम्म फुगली. आजींनी तोंडावर हात ठेवला. ताटात त्यांनी ती घेतली नाही. स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर घरी नेली, नवऱ्याला दाखवायला.