‘ऑटोमोबाइल’: न खपलेल्या गाड्यांचा हिशेब

मोटारगाड्यांवर बेतलेल्या पटावरच्या खेळांत बहुधा शर्यत असते. मार्टिन वॉलेस या इंग्लिश रचनाकाराच्या ‘ऑटोमोबाइल’ (२००९) या खेळात मात्र एकही गाडी धावत नाही. येथे गाडी बनवायची, विकायची आणि वेळ आली की तिचा कारखाना बंद करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महामंदीपर्यंतचा अमेरिकेतील मोटारउद्योग या खेळाने अवघ्या चार फेऱ्यांत बसवला आहे. तीन ते पाच जण खेळू शकतात आणि शेवटी ज्याच्याकडे रोकड जास्त, तो जिंकतो.

प्रत्येक फेरीत खेळाडूला फक्त तीन कृती मिळतात. कारखाना उभारायचा, गाड्या काढायच्या, वितरक नेमायचे की संशोधनाचे ठोकळे जमवायचे, याचा निर्णय तेवढ्यात उरकावा लागतो. स्वस्त आणि मध्यम गाड्यांना त्या फेरीत किती मागणी असेल, हे खेळाडूंनी गुपचूप उचललेल्या तुकड्यांवरील आकड्यांवरून ठरते आणि ते आकडे विक्रीच्या वेळीच उघड होतात. त्यामुळे आपल्या हातात पाचचा आकडा आला की बाजार तेजीत आहे, असे वाटू लागते. शेजाऱ्याच्या हातात दोनच आहे, हे कळेपर्यंत दोघांच्याही गाड्या तयार होऊन पटावर उभ्या राहिलेल्या असतात. शेजारी किती गाड्या काढतो, यावरून त्याच्या हातातील आकडा ताडण्याची मजा या खेळाइतकी मला क्वचितच कोठे मिळाली.

खेळाचा खरा प्राण मात्र तोट्याच्या काळ्या ठोकळ्यांत आहे. बाजारात नवे मॉडेल आले की जुनी मॉडेले काढणाऱ्यांच्या पदरी हे ठोकळे पडतात, प्रत्येक फेरीअखेर त्यांचे पैसे मोजावे लागतात आणि त्यांचा भाव फेरीगणिक वाढत जातो. म्हणजे काल ज्या कारखान्याने भरभरून दिले, तोच उद्या गळ्यात धोंड होऊन बसतो. इतिहासात नेमके हेच घडले होते. १९०८ मध्ये ८५० डॉलरला आलेली फोर्डची मॉडेल टी १९१३ च्या सरकत्या जोडणी-साखळीनंतर स्वस्त होत होत तीनशे डॉलरच्याही खाली आली आणि दीड कोटी गाड्या निघाल्या; तरीही नव्या मॉडेलांकडे पाठ फिरवून त्याच गाडीला चिकटून राहिलेल्या फोर्डला अखेर १९२७ मध्ये उत्पादन थांबवून नव्या गाडीसाठी कारखान्यांची फेरमांडणी करावी लागली. हा धडा पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपलाच भरभराटीचा कारखाना स्वतःच्या हाताने पटावरून उचलणे वेगळे.

दर फेरीला निवडायच्या सहा ऐतिहासिक व्यक्तींची योजनाही विचारपूर्वक केलेली आहे. जनरल मोटर्सची घडी बसवणारा स्लोन काळे ठोकळे निम्म्यावर आणतो, विजेवर चालणाऱ्या स्टार्टरचा जनक केटरिंग संशोधनाचे ठोकळे देतो आणि सॅन फ्रान्सिस्कोतील ब्युइकचा विक्रेता हॉवर्ड काही गाड्या सर्वांच्या आधी खपवून देतो. फोर्ड, ड्युरांट आणि क्रायस्लर हे उरलेले तिघे. (स्लोन अध्यक्ष असतानाच, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता.)

कामगारांचा मात्र या पटावर मागमूस नाही. कंटाळवाण्या कामामुळे माणसे टिकेनात, म्हणून फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर देऊ केले, ही त्या काळातील एक फार मोठी घटना. येथे मजुरी, संप किंवा संघटना यांपैकी कशाचाच विचार नाही. उद्योगाचे अनुकरण करू पाहणाऱ्या खेळातील ही उणीव मला खटकते.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. नियम समजावून देण्यात बराच वेळ जातो, शेवटच्या फेरीत प्रत्येक जण कागद-पेन्सिल घेऊन बसल्यामुळे डाव रेंगाळतो आणि पहिल्या फेरीत पैसे चुकीच्या जागी अडकले तर पुढे सावरणे कठीण जाते. म्हणून नवख्यांना अनुभवी खेळाडूंच्या टेबलावर बसवू नये. तिघांच्या डावात बाजारात पुरेशी रेटारेटी होत नाही. हिशेबाचा कंटाळा नसलेले चौघे-पाच जण आणि एखादी सबंध मोकळी संध्याकाळ हाताशी असेल, तरच हा खेळ काढावा.