मलम बरणीतच घोटणारं मशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

हे मशीन घेतल्यावर हाताने मलम घोटायची काचेची स्लॅब (सपाट पाटी) आणि स्पॅट्युला (चपटी पट्टी) कपाटात ठेवून देता येतील का, एवढंच बहुतेकांना जाणून घ्यायचं असतं. नाही येणार. मशीन औषध मिसळतं, ते वाटून बारीक करत नाही. हा फरक विकणारे सांगत नाहीत.

रचना साधी आहे. बरणीच्या झाकणाला मध्यभागी भोक, त्यातून पात्याचा दांडा आत जातो, पातं फिरतं आणि बरणी वर-खाली होते. बरणीचा तळ सरकता असतो. तो वर दाबून आधी हवा काढायची, मग मशीन लावायचं. वजन बरणीतच होतं आणि तीच बरणी रुग्णाच्या हातात जाते. खलातून, स्लॅबवरून खरडताना थोडं मलम वाया जायचंच, लहान मापात तर ते फार बोचायचं. तो त्रास जवळपास संपला, आणि मला मशीनची सगळ्यात मोठी कमाई हीच वाटते.

आता सॅलिसिलिक ॲसिड. ३ टक्के सॅलिसिलिक आणि ६ टक्के बेंझोइक ॲसिडचं जुनं मलम घ्या. सॅलिसिलिकचे स्फटिक सुईसारखे. ते तसेच बरणीत टाकले तर मशीन त्यांना सगळीकडे सारखं पसरवतं, पण खरखर जशीच्या तशी राहते, फक्त आता ती प्रत्येक बोटभर मलमात असते! म्हणून पावडर आधी बारीक करून थोड्या लिक्विड पॅराफिनमध्ये (पातळ खनिज तेलात) घोटायची (धूळ नाकात जाऊन शिंका येतात, त्याही थांबतात), आणि मगच बरणीत. बेस, म्हणजे औषध ज्यात मिसळायचं ते मूळ मलम, पाण्यात मिसळणारा असेल तर पॅराफिनच्या जागी ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल. सॅलिसिलिकसाठी स्पॅट्युला प्लास्टिकचा, लोखंडी नको.

भरण्याचा क्रमही महत्त्वाचा: खाली निम्मा बेस, मध्ये औषध, वर उरलेला बेस. पावडर तळाला किंवा झाकणाला लागली तर पातं तिथे पोचत नाही. औषध अगदी थोडं असेल, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास, तर थोड्या बेसमध्ये ते आधी हाताने घोटून घ्यावं आणि बेस दुप्पट-दुप्पट वाढवत न्यावा. मशीन आहे म्हणून ही पायरी गाळणं मला पटत नाही. बरणी उघडल्यावर वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने काचेवर पातळ पसरून उजेडासमोर धरतो. गाठी लगेच दिसतात.

उष्णतेकडे लक्ष हवं. वेग आणि वेळ दोन्ही वाढवले की घर्षणाने बरणी कोमट होते. बेस सैल पडतो. गरम असताना विरघळलेलं औषध थंड झाल्यावर मोठ्या स्फटिकांत परत येऊ शकतं, म्हणजे घोटण्याची मेहनत पाण्यात. मेंथॉल तर उडूनच जाईल. त्यामुळे मी वेग कमीच ठेवतो, आणि मेंथॉल-कापूर असेल तर ते दोन्ही आधी एकत्र घोटून पातळ करून शेवटी घालतो.

झिंक पेस्टने मशीनची खरी परीक्षा घेतली. २५ टक्के झिंक ऑक्साइड, २५ टक्के स्टार्च, बाकी सॉफ्ट पॅराफिन (पेट्रोलियम जेली): निम्मी पावडरच. मोटर कण्हते. झिंक ऑक्साइड चाळून, पॅराफिन किंचित मऊ करून घेतलं की काम निभतं. न चाळता टाकलं तर पांढरे खडे उरतात, कितीही वेळ फिरवा.

सफाई कंटाळवाणी आहे. पॅराफिनवर नुसतं पाणी ओतून काही होत नाही. आधी कोरड्या कागदाने पुसायचं, मग गरम पाणी आणि साबण. झाकणाच्या भोकापाशी दांड्याभोवती वूल फॅट (लोकरीतली चिकट चरबी) हमखास अडकतं, तिथे बारीक ब्रश लागतो. कोलतारसाठी मी पातं वेगळंच ठेवलंय, कारण त्याचा वास आणि रंग दुसऱ्या मलमात यायला नको. स्टिरॉइडनंतर पातं तसंच दुसऱ्या औषधाला लावणं तर नकोच नको, त्यापेक्षा फेकून देण्याजोगी पाती मिळत असतील तर ती घ्या.