गुलाबावरची भुरी आणि गंधकाचा पुडा: सहा महिन्यांनंतर

ऑक्टोबरात गुलाबांची छाटणी झाली त्याच आठवड्यात भुरीवर, म्हणजे पानांवर पांढऱ्या पिठासारख्या पसरणाऱ्या बुरशीवर, फवारायला ८० टक्क्यांच्या, पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाचा अर्धा किलोचा पुडा आणला. आता मार्च संपत आलाय. गच्चीवर गुलाबाच्या चौदा कुंड्या, झिनियाच्या चार, आणि पुड्यातलं जेमतेम पन्नास ग्रॅम गंधक संपलंय. आम्हा कुंडीवाल्यांसाठी शंभर ग्रॅमची पुडी का काढत नाहीत, देव जाणे.

नाशिकची थंडी भुरीला फार मानवते. दिवसा ऊन, रात्री गारठा. तिला पान ओलं लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो; उलट पानावर पाणी राहिलं तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. म्हणून जुलैत गुलाबावर काळे ठिपके दिसतात, भुरी फारशी नाही, आणि नोव्हेंबरात नेमकं उलटं. मी मात्र दोन हिवाळे पानांवर थेंब पडू नये म्हणून जपत होते!

गेल्या वर्षीही गंधक मारलं होतं, पण शेंडे पांढरे झाल्यावर. द्राक्षबागायतदार मामा हसला. "अगं, पांढरं दिसल्यावर कसलं मारतेस? आमचा तोवर हंगाम गेलेला असतो." या वेळी छाटणीनंतर लालसर फूट बोटभर झाली तेव्हाच सुरुवात केली. लिटरला दोन ग्रॅम, दोन लिटरचा हातपंप, दर दहा-बारा दिवसांनी, सकाळी लवकर. पानाच्या खालून आणि कळीच्या मानेवर नीट मारायचं. भुरी तिथेच आधी बसते. एका जुन्या गुलाबी झाडाची पानं दरवर्षी द्रोणासारखी वळायची. यंदा दोनच शेंडे वळले, ते खुडले.

तक्रारी आहेत. गंधक तळाशी बसतं, पंप सारखा हलवावा लागतो, तरी नोझल तुंबतंच. मी आधी थोड्या पाण्यात कालवून जुन्या ओढणीतून गाळते. चष्मा आणि मास्क हवाच. एकदा आळस केला, डोळे दिवसभर चुरचुरले.

मोठी चूक माझीच. जानेवारीत कडुनिंबाचं तेल फवारलं आणि चारच दिवसांनी गंधक. पानांच्या कडा इस्त्री लागल्यासारख्या करपल्या. तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, हे पुड्यावर बारीक अक्षरात होतं. तसंच पारा तिशीच्या वर चढला की फवारणी नको. त्यामुळे मार्चात थांबलेच. शिवाय सासूबाईंनी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्यात, त्यांच्या आसपास गंधक नेलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

झिनियावर आधी दुधाचा प्रयोग केला, एक भाग दूध, नऊ भाग पाणी. भुरी थोडी रेंगाळली, मुंग्या मात्र लगेच आल्या. नंतर गंधक मारलं, पण खालची पानं पिठात लोळवल्यासारखी झाली होती. ती काही हिरवी होत नाहीत. चारही उपटून पिशवीत बांधून टाकली.

आणि एक कबुली: टाकीमागच्या सावलीत दाटीवाटीनं ठेवलेल्या तीन कुंड्या डिसेंबरात उन्हात, हातभर अंतरावर मांडल्या. त्यांना त्यानंतर एकदाच फवारलं. तरी भुरी परतली नाही. पुडा पुन्हा घेईन का? हा संपला तर घेईन.