राडारोडा उचलायचाय: छोटा हत्ती, डंपर की महापालिका?

फरशी बदलायची ठरली की आपण टाइल्सच्या दुकानांत चार-चार शनिवार घालवतो. जुनी फरशी जाणार कुठे, हा प्रश्न मात्र कामगारांचा पहिला घण पडतो त्या सकाळी सुचतो. आमचंही तेच झालं. कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट, सगळी फरशी काढायची आणि स्वयंपाकघराची एक भिंत पाडायची. तुमचं काम निघणार असेल तर आमचा हिशेब उपयोगी पडेल.

आधी माल किती निघेल ते काढा. राडारोडा ब्रासवर मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ६०० चौरस फूट फरशी, खालच्या मालासकट २ इंच जाड, म्हणजे बरोबर १ ब्रास. वजन साडेपाच टनांच्या आसपास. १० फूट लांब आणि ९ फूट उंच अशी साडेचार इंची भिंत, दोन्हीकडच्या प्लास्टरसकट, आणखी दोन-सव्वादोन टन. शिवाय फोडलेला माल फुगतो, तुकड्यांमध्ये पोकळी राहते. त्यामुळे सगळं मिळून गाडीत जवळजवळ २ ब्रास भरतं. "असेल दोन-तीन गाड्या" असं फोनवर सांगणारा फसतो, कारण गाडी म्हणजे किती, हे समोरचा ठरवतो.

भाचा अमेरिकेत असतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे दारात डंपस्टर ठेवून जातात." १० घनयार्डाचा लहान डबा म्हणजे आपला २.७ ब्रास. ठरावीक दिवस, ठरावीक टन, त्यावर गेलं की जादा पैसे. आपल्या सोसायटीत तेवढा डबा ठेवायचा तर दोन मोटारींची जागा जाईल आणि सेक्रेटरी घरी येऊन बसतील. तेव्हा ते सोडा.

छोटा हत्ती सगळ्यांना सोयीचा. गल्लीत शिरतो, तासाभरात येतो, निघेल तसा माल नेतो, गोण्या साठवाव्या लागत नाहीत. आम्हाला भाव आला खेपेला १,८०० रुपये. कागदावर ही गाडी पाऊण टनाची, म्हणजे आमच्या मालाला दहा खेपा लागायला हव्यात. तो म्हणाला, पाचात उरकतो. म्हणजे दुपटीने भरणार. एकूण ९,००० रुपये, आणि "दुपारपर्यंत मोकळं करून देतो साहेब."

इथेच मला शंका यायला हवी होती. पुणे महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीजवळ आहे. कोथरूडहून एका बाजूचं अंतर २० किलोमीटरच्या वर, मध्ये नगर रस्त्याची गर्दी. एका सकाळी पाच खेपा करणारी गाडी वाघोलीला जाऊच शकत नाही. दुसऱ्या खेपेला मी स्कूटर घेऊन मागे गेलो. दहा मिनिटांत गाडी एका ओढ्याच्या कडेला थांबली, फाळका पडला आणि आमच्या ओट्यामागच्या सूर्यफुलांच्या टाइल्स, आईने हौसेने बसवलेल्या, घरंगळत पाण्यापर्यंत गेल्या. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "सगळे इथेच टाकतात." ते खरंच होतं, ढीग दिसत होता. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा नदीपात्रातल्या भरावाबद्दल आपणच तावातावाने बोललो होतो. तो भराव कुणाच्या ना कुणाच्या घरूनच गेलेला असतो.

उरलेल्या मालाला डंपर बोलावला. एकच खेप, ११,००० रुपये, वाघोलीचे पैसे त्यातच आणि पावती आणून द्यायची बोली. सगळा माल दिला असता तरी भाव हाच होता, म्हणजे फरक २,००० रुपयांचा. त्रास मात्र वेगळा. डंपर अर्धा भरून जात नाही, त्यामुळे सगळी तोडफोड संपेपर्यंत गोण्या पार्किंगमध्ये रचाव्या लागल्या. गोणी अर्धीच भरायची, नाहीतर बिगारी उचलत नाही आणि त्याचं बरोबरच असतं. गोण्या खाली आणायची मजुरी दोन्ही पर्यायांत वेगळी द्यावी लागते. भाव ठरवतानाच विचारा, नंतर त्यावरून वाद होतात. पेठांतल्या बोळात राहत असाल तर डंपर येणार नाही. मग छोटाच घ्या, पण दिवसाला दोनच खेपा आणि प्रत्येक खेपेची पावती, असं बोला. भाव चढेल. चढलाच पाहिजे, वाघोलीपर्यंतचं डिझेल त्यात आहे.

महापालिकेकडून उचलून घेणं, हा तिसरा मार्ग. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार राडारोडा गोळा करण्याची व्यवस्था पालिकेने करायची आणि त्याचे पैसे माल ज्याचा त्याने भरायचे, असं होतं. रस्त्यात किंवा नाल्यात टाकायचा नाही, हे लहान-मोठ्या सगळ्यांना लागू आहे. एखादं बाथरूम, दहा-पंधरा गोण्या असतील तर मी आधी क्षेत्रीय कार्यालयातच चौकशी करेन. मोठ्या कामात कामगार रोजावर असतात, गाडी आपल्या सोयीने येईलच असं धरू नका. आणि रोज कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंच्या ढकलगाडीत फरशीचे तुकडे सरकवू नका. ते त्यांचं काम नाही.

प्रकल्पात नेलेल्या मालाचं काय होतं? लोखंड, लाकूड, प्लास्टिक वेगळं काढतात, उरलेलं क्रशरमध्ये दळून चाळतात. त्यातून खडी आणि वाळू निघते, त्याचे पेव्हर ब्लॉक होतात. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीचं भारतीय मानक ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत अशी काँक्रीटपासूनची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि एम-२५ (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालते. पण पीओपीचं सीलिंग त्यात मिसळलं की माल नासतो, जिप्समातलं सल्फेट काँक्रीटला खातं. म्हणून पीओपीच्या गोण्या वेगळ्या बांधा, वर खडूने लिहा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतो, ते फोडू नका.

अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, नळ, ग्रिल, सागवानी चौकटी यातलं काहीही राडारोड्याच्या गाडीत जाऊ देऊ नका. आमच्या मुकादमाने "ते पण नेतो, तेवढंच कमी करतो" म्हणून ५०० रुपये सोडायची तयारी दाखवली होती. भंगारवाल्याने नुसत्या खिडक्यांचे त्याच्या कितीतरी पट दिले, आणि चौकटी जुन्या लाकडाचा व्यापारी स्वतः टेम्पो घेऊन येऊन घेऊन गेला.